दर दहावं नाव

बेबीनंदाचा आवाज घनसावंगी तालुक्यातल्या तीस-पस्तीस गावांच्या ओळखीचा. डोळे तपासणीचं शिबिर असलं की शाळेच्या ओट्यावर उभं राहून ती नावं पुकारायची. माईक तिला कधी लागलाच नाही. "ओ मावशी, तंबाखू थुका अन् या इकडं, डागदर काय डोळे काढून न्हाई घेत!" असं ती म्हणाली की रांगेत हशा पिकायचा आणि मशीनला बिचकलेली म्हातारी पदर सावरत पुढं व्हायची.

ती कुंभार पिंपळगावची. नववी पास झाली आणि दहावीच्या वर्षी लग्न झालं. नवरा तातेराव जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, रविवारी तेवढा घरी. बेबीनंदा मजुरीला जायची. चाळिशीच्या आसपास तिच्या डोळ्यांनी दगा दिला. कापूस वेचताना बोंडाची टोकं दिसेनात, संध्याकाळी बोटं रक्ताळलेली असायची. बरोबरीच्या बाया दोन ओळी पुढं निघून जायच्या आणि मुकादम म्हणायचा, "बेबे, म्हातारी झालीस." तशात गावात नजर सेवा मंडळाचं शिबिर आलं आणि तिला चष्मा मिळाला. घरी येऊन तिने पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर स्वतःचे तळहात. त्यावरच्या रेघा ती कितीतरी वेळ पाहत बसली होती.

पुढच्या शिबिराला ती न बोलावता गेली, पाणी वाटायला. त्याच्या पुढच्याला नावं लिहायला. असं करता करता आठ वर्षं झाली आणि मंडळाचं शिबिर म्हणजे बेबीताईचं शिबिर झालं.

मंडळाचं ऑफिस वाटूरला, फाट्याजवळ. मंडळ काढलं काकासाहेब गुरुजींनी. निवृत्त मुख्याध्यापक, घरची बारा एकर जमीन, पैशाच्या बाबतीत हाताला कधी डाग नाही. ऑफिसात शिरलं की समोर एक काळा फळा. त्यावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'यंदा वाटलेले चष्मे', आणि खाली आकडा. प्रत्येक शिबिरानंतर गुरुजी स्वतः तो आकडा पुसून नवा लिहायचे. मागच्या वर्षाअखेर तो अकराशे बासष्टवर पोचला होता. त्या दिवशी सगळ्यांना पेढे मिळाले होते.

आता झालं असं. एका बाजारच्या दिवशी बेबीनंदा भाजी घ्यायला गेली. साळूबाई नावाची म्हातारी लसूण-मिरची घेऊन बसली होती. गिऱ्हाइकाने पाव किलो मिरची मागितली. साळूबाईने ती काट्यावर टाकली, डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि शेवटी गिऱ्हाइकालाच म्हणाली, "बघ रे बाबा, किती दिसून राह्यलंय?"

बेबीनंदा जागच्या जागी थांबली. ह्याच साळूबाईच्या डोळ्यांवर तिने मागच्या वर्षी आपल्या हाताने चष्मा चढवला होता.

"मावशी, चष्मा कुठंय?"

"हाय की. पेटीत ठेवलाय, फडक्यात गुंडाळून."

"पेटीत काय त्याला अंडी घालायचीत? लावत का न्हाई?"

साळूबाईने इकडंतिकडं पाहिलं आणि कानामागं बोट ठेवलं. "हितं बोचतो, बाई. तासभर लावला की डोकं ठणकतं. वाकलं की नाकावरून पडतो तो पडतोच."

"मंग सांगायचं नव्हतं का तवाच?"

"कुनाला सांगू? चष्मा दिला, फोटो काढला, तुमची गाडी निघून गेल्ती. परत कोन आलं इचारायला?"

म्हातारी रागाने बोलली नव्हती. मिरची निवडत सहज बोलून गेली. पण ते वाक्य बेबीनंदाच्या जिव्हारी लागलं. परत कोण आलं विचारायला? आठ वर्षांत मंडळातलं कुणीही, ती स्वतःसुद्धा, कधी परत गेलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात जाता-येता तिने आणखी सात जणांना गाठलं. सातातल्या दोघांच्या डोळ्यांवर चष्मा होता. तिसऱ्याचा त्याच्या नातवाने खेळायला घेतला होता. बाकीचे कपाटात, कोनाड्यात, एक तर चक्क देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेला.

ती वाटूरला गेली आणि गुरुजींना सगळं सांगितलं. गुरुजींचा चेहरा पडला, मग लाल झाला.

"लोकांना फुकट दिलं की किंमत नसते, बेबीताई. आपण आपलं काम केलं."

"गुरुजी, किंमत नसती तर फडक्यात गुंडाळून ठेवला असता का? देवाऱ्यात ठेवला असता का?"

"सात-आठ लोकांवरून तुम्ही अख्ख्या कामाला नावं ठेवता?"

"म्हणूनच म्हणते, सगळ्यांना इचारू. सात लोकांवर इश्वास ठेवू नका. बिलकुल ठेवू नका. पन एकदा बघून तर येऊ."

गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. दोन महिन्यांवर पुण्याच्या ट्रस्टच्या लोकांची भेट होती. मंडळाचं सगळं काम त्यांच्या मदतीवर चालायचं. "आणि वाईट निघालं तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाईट निघालं तर ते आत्ताबी वाईटच हाय की, गुरुजी. आपल्याला ठाऊक न्हाई, एवढंच."

ऑफिसच्या कोपऱ्यात संध्या बसली होती. परतूरची पोरगी, डोळ्यांचा नंबर काढण्याचं शिक्षण घेतलेली, मंडळात दुसरंच वर्ष. ती आता उठली आणि मागच्या वर्षीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. "सगळ्यांकडं जाणं होणार नाही, सर. पण दर दहावं नाव घेऊ. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मोजत जायचं, दहावा कोण येईल तो येईल. ओळखीचा, बिनओळखीचा, जवळचा, लांबचा. आपण निवडायचं नाही. म्हणजे मग कुणी म्हणणार नाही की तुम्हाला हवी ती माणसं गाठली."

गुरुजींनी जन्मभर गणित शिकवलं होतं. त्यांना ते पटलं. पटलं म्हणूनच अधिक टोचलं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "जा."

दर दहावं नाव काढलं तर एकशेसोळा माणसं आली. मंडळातल्या चार जणींनी गावं वाटून घेतली. संध्याने एक नियम घातला, मागच्या वर्षी जिने ज्या गावात शिबिर घेतलं, तिने त्या गावात जायचं नाही. बेबीनंदाला हे लागलं. "का गं, मी काय खोटं लिहीन?" संध्या म्हणाली, "तुम्ही नाही ताई, लोक खोटं बोलतील. तुमच्या प्रेमाखातर."

ते किती खरं होतं ते पहिल्याच दिवशी कळलं. अनोळखी गावातसुद्धा बेबीनंदाने विचारलं, "चष्मा कसाय?" की उत्तर यायचं, "लई ब्येस. देवमाणसं तुम्ही." चहा यायचा, वर साखर जास्त. संध्याकाळी वही उघडली तर सगळं ब्येसच. तिला हसू आलं आणि चीडही आली. दुसऱ्या दिवशी तिने प्रश्नच बदलला. उंबऱ्यावर बसायची आणि म्हणायची, "चष्मा कुठंय, तेवढा दाखवा." मग पिशवीतून सुई-दोरा काढायची, "हे ओवून द्या जरा." पुरुषांपुढं ताटात तुरीची डाळ पसरायची, त्यात पाच खडे टाकलेले. "किती सापडतात बघा." आणि माणूस ओशाळला की सांगायची, "दादा, आम्ही आमची चूक शोधून राह्यलो, तुमची न्हाई. खरं सांगितलं तर आमच्यावर उपकार होतील."

मग तोंडं उघडली. एक शिंपी म्हणाला, चष्मा चांगला होता, पण स्क्रू पडला आणि जवळपास तो बसवणारं कुणी नाही. एक तरणी सून दाराआड गेली आणि कुजबुजली, "सासूबाई म्हनतात, चष्मा लावून मडमीन झालीस का. मी त्या भायेर गेल्या की लावते." एका माणसाने चष्मा लावून दाखवला आणि म्हणाला, "ह्याच्यातून जमीन वर आल्यावानी दिसती. मला वाटलं, चष्मा असाच असतो."

सहाव्या दिवशी एक गोष्ट अशी घडली की बेबीनंदाला ती कुणाला सांगवेना. बाकीच्यांच्या वह्या ती वाचत होती. तिच्याच शिबिराचं एक गाव. तिथं गिरिजाबाई नावाच्या बाईला चष्म्यातून सगळं धूसर दिसत होतं. त्याच गावात गल्ली सोडून दुसरी गिरिजाबाई राहत होती आणि तिलाही धूसरच दिसत होतं. दोघींच्या चष्म्याच्या डब्या बदलल्या होत्या. ओट्यावर उभं राहून "गिरिजाबाई!" असं पुकारणारा आणि पुढं आली तिच्या हातात डबी ठेवणारा आवाज बेबीनंदाचाच होता. वर्षभर दोन बाया एकमेकींचे चष्मे लावून, डोकं धरून बसल्या होत्या, आणि दोघींनीही कुणाला बोल लावला नव्हता.

रविवारी तातेराव आला तेव्हा ती चुलीपाशी नुसतीच बसलेली. सगळं ऐकून तो म्हणाला, "मंग लिहू नको ते. कोनाला कळतंय?"

"मला कळतंय ना," ती म्हणाली. आणि वहीत आपल्या हाताने लिहिलं, 'डब्या बदलल्या. नाव पुकारताना घर विचारलं नाही. चूक माझी.' दुसऱ्या दिवशी जाऊन दोघी गिरिजाबाईंना तिने समोरासमोर बसवलं आणि चष्मे अदलाबदल करून दिले. एक जण तर हसता हसता रडायलाच लागली.

ऑफिस लहान, म्हणून सगळ्या चिठ्ठ्या मांडायला कुंभार पिंपळगावातल्या बुद्धविहाराची फरशी मागून घेतली. बेबीनंदाने ती आदल्या दिवशी धुऊन काढली होती. गुरुजी वाटूरहून आले, चपला बाहेर काढून भिंतीला टेकून बसले. एकशेसोळातले नऊ जण भेटले नव्हते. कुणी ऊसतोडीला गेलेलं, कुणी देवाघरी. उरले एकशेसात. संध्या एकेक चिठ्ठी वाचायची आणि बेबीनंदा ती ढिगावर ठेवायची. चष्मा वापरणारे अडतीस. न वापरणारे एकोणसत्तर.

त्या एकोणसत्तरांचे पुन्हा ढीग केले. फ्रेम बोचते किंवा पडते, सत्तावीस. मोडला, दुरुस्ती नाही, सतरा. घरचे हसतात, चौदा. नंबर चुकीचा किंवा डबी बदलली, अकरा. मोतीबिंदूची यादी वेगळी होती. एकतीस जणांना ऑपरेशन सांगितलं होतं, त्यातल्या पाचांनी केलं. बाकीच्यांना जालन्याला न्यायला कुणी नव्हतं.

गुरुजी उठले, ढिगांजवळ येऊन खाली बसले आणि स्वतः चिठ्ठ्या परत मोजल्या. आकडा तोच आला.

"अकराशे बासष्ट," ते पुटपुटले. "मी पेढे वाटले होते."

"गुरुजी," बेबीनंदा म्हणाली, "ह्या ढिगांकडं नीट बघा. ह्याच्यात एकबी माणूस असा न्हाई की ज्याला दिसायला नको होतं. आन् एकबी कारन असं न्हाई की जे आपल्याला दुरुस्त करता येनार न्हाई."

गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं, आता चिडतात. पण ते वाकून एकेक ढीग पुन्हा न्याहाळू लागले, जणू वर्गातल्या नापास पोरांच्या उत्तरपत्रिका चाळून शिकवणं कुठं कमी पडलं ते शोधत होते.

पुण्याच्या ट्रस्टच्या मीना मॅडम आल्या त्या दिवशी ऑफिसात सतरंजी अंथरलेली, नारळ ठेवलेला. गुरुजी भाषणाला उभे राहिले. नेहमीसारखी सुरुवात केली, "आमच्या मंडळाने गेल्या वर्षी अकराशे बासष्ट..." आणि थांबले. घोटभर पाणी प्याले. "पुढचं आमच्या बेबीताई सांगतील. कारण ते शोधलं त्यांनी."

मोठ्या माणसांपुढं बोलायची तिला सवय नव्हती. पण शेकड्याने माणसांना ज्या आवाजात तिने बोलावलं होतं तो आवाज तिच्या मदतीला धावला. अडतीस सांगितले, एकोणसत्तर सांगितले, पाच ऑपरेशनं सांगितली. दोन गिरिजाबाईंचं सांगितलं, चूक कुणाची होती तेही सांगितलं. शेवटी काय काय बदलायचं ते सांगितलं.

मीना मॅडमनी वहीतून मान वर केली. "तुम्ही हे स्वतःहून केलंत? आम्ही मागितलं नव्हतं."

"तुम्ही फोटो मागितले हुते, म्याडम. ते बी हायेत. पन फोटोत माणूस एकच मिनिट चष्मा लावतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वरच्यांना समजवावं लागेल. पण एक सांगते, चुकीचं काय ते नेमकं ठाऊक असलेल्या माणसांनाच ते सुधारता येतं. वर्षभर नव्या पद्धतीने काम करा. वाटप निम्मं झालं तरी चालेल. वर्षाने हेच प्रश्न पुन्हा विचारा, आणि विचारणारी माणसं मंडळाबाहेरची असू द्या."

निम्मं वाटप! गुरुजींना ते गिळायला जड गेलं. पण मॅडमची गाडी फाट्यावरून वळली, तसे ते आत आले, ओलं फडकं घेतलं आणि फळ्यावरचा 'वाटलेले' हा शब्द पुसून तिथं लिहिलं, 'वापरातले'. खालची जागा कोरी ठेवली.

त्या वर्षी बेबीनंदा जेवढी राबली तेवढी मजुरीतही राबली नव्हती. तीन मापांच्या फ्रेमा आल्या. वाकून काम करणाऱ्यांसाठी मागं बांधायची दोरी आली. डबीवर नावाबरोबर घराची खूण आणि फोटो लागला. शिबिरानंतर एकविसाव्या दिवशी परत जायचं, हे ठरलंच. संध्याने तिला बारका स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड धरायला शिकवली. खुरपं धरलेले ते हात नाकावरच्या रबरी चकत्या असे बसवू लागले, की संध्याही बघत राहायची. सुनेला चष्मा द्यायचा तर सासूलाही समोर बसवायचं, आधी सासूचेच डोळे तपासायचे. अर्ध्या भांडणांचं मूळ तिथंच निघालं. सासूलाही दिसत नव्हतं, पण सांगायची लाज.

मोतीबिंदूवाल्यांना एकेकटं पाठवणं बंद केलं. सहा-सहा जणांची गाडी, बरोबर एक बाई, जाताना-येताना. पहिल्याच गाडीत तुळजाबाई होती. पासष्टीची, चार वर्षं जवळजवळ आंधळी. तिने गाडीत बसायलाच नकार दिला. "मी गेले तर परत येनार न्हाई."

"आत्या, मी बराबर हाय ना. तुम्ही न्हाई आल्या तर मी बी न्हाई येनार," बेबीनंदा म्हणाली आणि तिचा हात धरून बसली तो जालना येईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. तुळजाबाई आधी नर्सकडं पाहत राहिली, मग बेबीनंदाकडं. "तू बेबी का? आवाजावरून मला वाटलं, चांगली उंचनिंच आसशील!" अख्खा वॉर्ड हसला.

वर्ष सरलं. सहाशे चष्मे दिले होते, दर दहावं नाव म्हणजे साठ. विचारायला परतूरच्या कॉलेजातल्या मुली आल्या. बेबीनंदाने त्या गावांकडं फिरकायचंसुद्धा नाही, असं ठरलेलं. ते आठ दिवस तिला काही सुधरेना. भाकरी करपायची. तातेराव म्हणाला, "तुझ्याच परीक्षेचा निकाल हाय जनू." ती म्हणाली, "हायेच की."

पुन्हा तीच विहाराची फरशी. या वेळी चिठ्ठ्या मुलींनीच वाचल्या. साठांतले सत्तावन्न भेटले होते. वापरणाऱ्यांचा ढीग वाढत गेला. वीस झाले, तीस झाले, चाळीस. बाहेर पायऱ्यांवर बाया जमल्या, आत डोकावू लागल्या. शेवटची चिठ्ठी पडली. वापरणारे पन्नास, न वापरणारे सात. मोतीबिंदूच्या सव्वीस जणांतले तेवीस ऑपरेशन करून आलेले.

संध्याने टाळी वाजवली आणि मग सगळा विहार वाजू लागला. काकासाहेब गुरुजी, जन्मात कधी मोठ्याने न हसलेला माणूस, मांडीवर थाप मारून म्हणाले, "पन्नास! सत्तावन्नातले पन्नास!" आणि डोळे पुसले. बेबीनंदा मात्र गुडघ्यांवर बसून लहान ढीग उचलत होती.

"आता काय बघता, ताई?"

"हे सात, गुरुजी. ह्यांचं काय झालं?"

"अहो, आज तरी आनंद करा!"

"आनंदच करून राह्यले," ती हसत म्हणाली, आणि खरोखरच तिचा चेहरा उजळून निघाला होता. "मागच्या वर्षी एकोणसत्तर घरं फिरायची हुती. आता सातच राह्यली."

गोष्ट अशी झाकून राहत नाही. मीना मॅडमनी ती आणखी चार संस्थांना सांगितली. पुढच्याच महिन्यात राजूरच्या एका महिला मंडळाचं बोलावणं आलं. गणपतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये चाळीस कार्यकर्त्या बसलेल्या, बेबीनंदाला खुर्ची, समोर माईक. नववी पास बाई, आणि एका डबल ग्रॅज्युएट अध्यक्षाबाईंनी तिचा परिचय 'मार्गदर्शक' म्हणून करून दिला. तिने माईक बाजूला सारला.

"तुमचं काम काय हाय, बायांनो?"

"शिलाई मशिनी देतो. पाच वर्षांत तीनशे दिल्या," एकजण अभिमानाने म्हणाली.

"लई चांगलं काम. त्यातल्या आज किती चालू हायेत?"

कुणी अध्यक्षाबाईंकडं पाहिलं, कुणी आपल्या पायांकडं. बेबीनंदाला ती चुळबुळ ओळखीची होती. त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं, हेही तिला ठाऊक होतं.

"ठाऊक न्हाई ना? आम्हालाबी नव्हतं," ती म्हणाली आणि पदर खोचला. "आना बरं जल्दी तुमचं रजिस्टर. दर दहावं नाव काढू, अन् जेवायच्या आत दोन घरं बघून येऊ."

चाळीस बाया एकदम उठल्या. खुर्च्यांचा खडखडाट झाला, चपलांची शोधाशोध झाली, आणि बेबीनंदा सगळ्यांच्या पुढं राजूरच्या गल्लीत शिरली.